दोन डावी, एक उजवं

"गुडघे हो, गुडघे," भालचंद्रने दोन्ही मांड्यांवर थापा मारत सांगितलं. "नाहीतर मुर्गा बनायला मी एका पायावर तयार आहे. पण हे दोघं वाकतच नाहीत, त्याला काय करू? असं करू या. मी हरलो, तर आमची सुहास बनेल मुर्गा."

टॉवरखालच्या बाकांवर असा हशा पिकला की पलीकडे हिरवळीवर डोळे मिटून प्राणायाम करणाऱ्या बायकांनी एक-एक डोळा उघडला.

सुरुवात अशोकने केली होती. गुरुग्रामच्या त्या सोसायटीत बहुतेक गोष्टींची सुरुवात अशोकच करायचा. एका कंपनीत सेल्सचा मोठा साहेब, वय पन्नाशीपार, डोक्यावरचे केस गेलेले आणि अंगातला वांडपणा जिथल्या तिथे. लिफ्ट व्यवस्थित चालू असताना 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावून जिन्यावर धापा टाकणाऱ्यांचं स्वागत करायला हा वर पाणी घेऊन उभा. तात्याराव एअरफोर्सच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले, सोसायटीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्या फोनची रिंग याने एकदा बदलून बकरीची ठेवली, ती नेमकी एका शोकसभेत वाजली. तेव्हापासून तात्याराव त्याला घाबरून असत आणि त्याच्या प्रत्येक विनोदाला सर्वांत आधी हसत.

तर त्या संध्याकाळी भालचंद्रने नवा बाण दाखवायला खाली आणला होता. घरी केलेला. तात्याराव म्हणाले, झाडूच्या काडीला कबुतर चिकटल्यासारखं दिसतंय. अशोकने बाण हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, हा रावणाला लागला तर रावण मरेल बिल्कुल. पण हसून."

मग रावणावरून विषय निघाला. सोसायटीच्या दसऱ्याला दर वर्षी अध्यक्ष प्लास्टिकचं धनुष्य ओढत, बाण त्यांच्याच बुटांवर पडे, लोक टाळ्या वाजवत, आणि मागे लपलेला इलेक्ट्रिशियन धरमपाल रावणाला काडी लावे. भालचंद्र म्हणाला, ही थट्टा आहे. अशोक म्हणाला, मग या वर्षी तुम्ही मारा. रावणाच्या बेंबीवर लाल फुगा लावतो. कारंज्यापासून एक बाण, एकच. फुगा फुटला तर मी सगळ्यांसमोर मुर्गा बनतो. नाही फुटला तर तुम्ही.

मुर्गा म्हणजे दिल्लीकडच्या शाळांतली खास शिक्षा. वाकायचं, हात पायांच्या मधून घालून पोटऱ्यांमागून बाहेर काढायचे, आपलेच कान धरायचे आणि बूड वर करून उभं राहायचं. वर कोंबड्यासारखी बांग द्यायची. अशोकला त्याचं काही वाटणार नव्हतं. तो हरला असता तर मुर्गा बनून कारंज्याभोवती एक चक्कर मारून आला असता, वर रील टाकलं असतं. ज्याला लाजच नाही त्याच्याशी पैज लावू नये, हे भालचंद्रला कळायला हवं होतं. पण त्याला कळला फक्त गुडघा.

"काकू चालतील," अशोक म्हणाला. "बिल्कुल चालतील, यार. डील."

कोणीही नको म्हटलं नाही. तात्याराव हसताहसता खोकायला लागले, त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. अशोकने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. भालचंद्र लिफ्टपर्यंत पोचायच्या आत ते 'मराठी परिवार' ग्रुपवर पडलंसुद्धा.

आता गंमत बघा. त्याच वेळी वर चौदाव्या मजल्यावर सुहासिनी पिसं निवडत बसली होती.

तांदूळ निवडावेत तशी. पुढ्यात जुन्या साडीचा तुकडा, त्यावर कबुतराच्या पिसांचा ढीग, डावीकडे चहाचा जुना डबा, उजवीकडे बिस्किटांचा. डाव्या पंखाची पिसं चहाच्या डब्यात, उजव्या पंखाची बिस्किटांच्या. पीस देठाशी धरायचं, त्याचा बाक कुठल्या बाजूला वळतो ते बघायचं आणि टाकायचं. एका बाणाला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात. मग बाण हवेत एका दिशेने गरगर फिरतो आणि सरळ जातो. तिघांत एक जरी दुसऱ्या बाजूचं आलं, की जात्याचा खुंटा दोघींनी पुढे आणि एकीने मागे ओढावा तसं होतं. बाण शेपूट हलवायला लागतो.

हे भालचंद्रने तिला शिकवलं होतं, लग्न नवीन असताना. त्याने ते दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या रामलीलेत बाण करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून उचललं होतं. क्लबातली धनुष्यं त्याच्यासारख्या कारकुनाला परवडणारी नव्हती, म्हणून याने सगळं घरात केलं. धनुष्य शेजारच्या मुनीरका गावातल्या शिडीवाल्याकडच्या बांबूचं. काडी सरकंड्याची, म्हणजे रस्त्याकडेला जे मुढे विकतात ना, बसायचे, त्याच्याच बोरूची. टोकाला डोकं उडवलेला खिळा. आणि मागे पिसं, जी सरकारी क्वार्टरांच्या वळचणीला फुकट पडलेली असत. मंत्रालयात त्याने सगळा जन्म फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेल्या आणि एक दिवस लोकांनी हार घालून त्यालाच घरी नेऊन ठेवलं. कोणाला त्याचं नाव आठवत नसेल. पण बाण मात्र तो असा करायचा की विकतच्याने लाजावं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला लांबचं लख्ख दिसायचं आणि जवळचं काही दिसायचं नाही. तसं ते आधीपासूनच होतं म्हणा, पण ते जाऊ दे. पिसं निवडायचं काम तिचं झालं. तो फक्त शेवटी अंगठा फिरवून खात्री करायचा. तिची चूक त्याला कधी सापडली नव्हती.

फोन वाजला. अशोकची बायको नीरजा. काकू, ग्रुप बघितला का, मी तर हसून हसून मेले, म्हणाली. सुहासिनीने ते चित्रण दोनदा पाहिलं. पहिल्यांदा नवरा काय म्हणाला ते ऐकायला. दुसऱ्यांदा कोण कोण हसलं ते बघायला.

मग फोन पालथा घातला आणि उरलेली पिसं निवडून टाकली.

भालचंद्र आला तो शीळ घालत. तिने चहा पुढे ठेवला.

"माझी पैज लावलीत?"

"तुझी कुठे? माझी. तू आपली..." त्याने चहाचा घोट घेतला. "तू जामीन."

"बरं."

"अगं, हरतोय कोण? कारंज्यापासून तेवढा फुगा. डोळे मिटून मारीन." आणि त्याने तिला समजावून सांगितलं की यात खरं तर तिचा मानच आहे. आपल्या नेमावर एवढा भरवसा नसता तर माणूस बायकोचं नाव घेईल का?

"आणि हरलात तर?"

"माझे गुडघे तुला माहीत आहेत."

तिला माहीत होते. सिलिंडर सरकवायला ते वाकत नसत. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकत नसत. हाडांच्या डॉक्टरांना फोटो काढूनही त्यांत काही सापडलं नव्हतं, पण ते डॉक्टरांचं अज्ञान. आणि रिजवरचे, म्हणजे दिल्लीतल्या त्या खडकाळ जंगलातले, रविवार तर तिला चांगलेच माहीत होते.

लग्नानंतरचा पहिला रविवार. चल, फिरायला जाऊ, म्हणाला. ती माहेरची जांभळी साडी नेसली, गजरा कुठे मिळाला नाही म्हणून नुसती वेणी घातली. आर. के. पुरमच्या मागे रिजच्या झाडीत त्याने पेंढ्याचं पोतं टेकवलं, लांब जाऊन उभा राहिला आणि बाण सोडले. ती टाळ्या वाजवणार तेवढ्यात म्हणाला, "जा, जरा घेऊन ये."

ती गेली. काटे साडीत भरले. तिने बाण उपसले, एक खिळा पोत्यातच राहिला म्हणून बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी शिकली: एक तळवा पोत्यावर दाबायचा, दुसऱ्या हाताने बाण जरा पिळायचा आणि मग ओढायचा. तेव्हापासून तो मारायचा आणि ती आणायची. शार्दूल पोटात होता तेव्हाही आणत होती. झाडीत गेलेला बाण हुडकताना एकदा तिला विंचू चावला. तेव्हाही त्याने आधी विचारलं, मिळाला का? एकदा, फार वर्षांपूर्वी, ती म्हणाली होती, मी मारून बघू? तो इतका हसला होता की तिलाही हसू आलं. पुन्हा तिने विचारलं नाही.

त्यामुळे तिचे गुडघे मात्र ठणठणीत होते.

दसऱ्यापर्यंतचे दिवस सोसायटीने मजेत घालवले. लिफ्टमध्ये बायका विचारत, काकू, प्रॅक्टिस कशी चाललीय? गेटवरचा गार्ड तोंडाला रुमाल लावून सलाम करी. भाजीवाल्याने वांगी तोलता तोलता विचारलं, "आंटीजी, बाँग देनी आती है?" आणि वर मिरच्या फुकट घातल्या. तिने मुलाला सांगून पाहिलं. शार्दूल लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, यार, मज्जा आहे सगळी. सीरियसली नको ना घेऊ." सून म्हणाली, मम्मी, व्हिडिओ मी काढणार हं, चांगला येईल.

अष्टमीला तिने नवऱ्याला पुन्हा एकदा विचारलं. इतकंच म्हणाली, की अशोकला सांगा, हरलो तर मीच बनेन, बायकोचं चेष्टेत बोललो.

"जबान दिलीय," भालचंद्र म्हणाला. घरात मराठी आणि मर्दानगी आली की हिंदी, ही दिल्लीतली जुनी रीत. "आता मागे हटलो तर लोक काय म्हणतील? म्हणतील, काका घाबरले."

"आणि मला काय म्हणतील?"

"तुला कशाला काय म्हणतील? तू बाई माणूस."

मग ती वरण फोडणीला टाकायला गेली.

त्याच दुपारी त्याने पैजेचा बाण करायला घेतला. काडी गॅसच्या आचेवर फिरवत सरळ करायची असते. गरम झाली की बोटांनी दाबायची, पुन्हा फिरवायची. या नादात त्याचा उजवा अंगठा चांगलाच भाजला. तिने त्याला बर्फ लावला, मलम लावलं, वर पट्टी गुंडाळली. मग त्याने खिळा बसवला, त्यावर दोरा घट्ट ओढला, मागे दोरीत अडकायची खाच कोरली. सगळं पट्टी बांधलेल्या अंगठ्याने, न कुरकुरता. या बाबतीत माणूस खरा कष्टाळू.

"पिसं दे," तो म्हणाला. "डावी. सगळ्यांत चांगली तीन."

तिने चहाचा डबा उघडला. एक काढलं. दुसरं काढलं. ब्लेडने देठ मधोमध चिरून, घासून, कापून त्याच्या हातात दिलं. तिसऱ्याला हात घातला आणि थांबली.

तिचा हिशेब साधा होता. बाण लागला तर ती वाचणार. पण मग जन्मभर ऐकावं लागणार, बघ, उगाच घाबरत होतीस. आणि एक गोष्ट कधीच कळणार नाही: लागला नसता तर हा माणूस वाकला असता का? आयत्या वेळी, सगळ्यांसमोर, तिला खाली जाताना बघून पुढे झाला असता का? अख्खा संसार झाला, तिला हे माहीत नव्हतं. आणि आता अचानक तिला वाटायला लागलं होतं की हे माहीत असल्याशिवाय आपल्याला मरता येणार नाही.

तिने बिस्किटांच्या डब्यातलं पीस काढलं. चिरलं, घासलं, कापलं आणि दिलं.

त्याने फेविकॉल लावला, तिन्ही पिसं बसवली, पुढून मागून दोरा गुंडाळला. नेहमीसारखा अंगठा फिरवला. अंगठ्यावर पट्टी. पट्टीला डावं-उजवं काय कळतंय?

"झकास," तो म्हणाला. "हा आता सोडून बघायचा नाही. पूजा झाल्यावर थेट रावणावर. पूजेच्या बाणाला आधी उष्टं करायचं नसतं."

हा नियम त्याने त्याच क्षणी तयार केला होता. तिने नंदादीपात तेल घातलं.

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजा झाली. घरात शस्त्रं तीन: शार्दूलचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली सुरी आणि हा बाण. आपट्याची पानं दिल्लीकडे कुठली मिळायला, म्हणून तशाच दिसणाऱ्या कचनारची वाहिली. लॅपटॉपला भालचंद्रने हळदकुंकू लावलं, बाणाला सुहासिनीने. तीन पिसांच्या मधोमध, हलक्या हाताने, पिसं विस्कटू न देता.

दुपारी सगळे लवंडल्यावर तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि पलंगाचा कठडा धरून एकदा मुर्गा बनून बघितलं. जमत होतं. कानांपर्यंत हात पोचत होते. बांग मात्र तिने संध्याकाळसाठी राखून ठेवली.

संध्याकाळी हिरवळीवर पैठण्या, कांजीवरम, कुर्ते, चाट आणि डीजे. सुहासिनी जुनी सलवार-कमीज घालून उतरली. नीरजाने डोळे मोठे केले. "काकू, आज दसऱ्याला ड्रेस?"

"वाकायला बरा पडतो."

नीरजाला हा विनोद फारच आवडला, तिने तो आणखी चौघींना सांगितला.

रावण दोन मजल्यांएवढा, चेहऱ्यावर मिशा, बेंबीवर लाल फुगा. फटाक्यांना बंदी, त्यामुळे पोटात नुसता पेंढा आणि रद्दी. मागे धरमपाल काडेपेटी घेऊन बसलेला. त्याला अशोकने या वर्षी नवा इशारा दिला होता: बांग ऐकू आली की लाव. कोणाची का असेना.

कारंज्यापाशी भालचंद्र उभा राहिला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याने नवा झब्बा घातला होता. धनुष्याला दोरी चढवली, खांदे मागे घेतले, आणि खरं सांगायचं तर म्हातारा त्या क्षणी दिसला देखणा. पकड बरी यावी म्हणून त्याने अंगठ्याची पट्टी दातांनी सोडून फेकून दिली. बाण उचलला आणि सवयीने अंगठा पिसांकडे नेला.

सुहासिनी त्या अंगठ्याकडे बघत होती. आता फिरवला की कळणार. कळलं की दुसरा बाण मागवणार.

"काका, दो शब्द," म्हणत अशोकने त्याच्या तोंडापुढे माइक धरला.

भालचंद्रने अंगठा काढला आणि माइक धरला. आयुष्यात त्याला कोणी माइक दिला नव्हता. त्याने दोन शब्द म्हणता म्हणता बरेच सांगितले. बाण कसा फुकटात होतो, एकाग्रता कशी लागते, हल्लीची पिढी कशी आयतं विकत घेते. लोक टाळ्या वाजवून कंटाळले तेव्हा त्याने माइक परत केला, बाणाची खाच दोरीत अडकवली, ओढला आणि सोडला.

हात चुकला नव्हता. बाण निघाला तो बेंबीकडेच. मग मध्ये कुठेतरी त्याने शेपूट हलवली, दाराशी आलेल्या कुत्र्यासारखी. एकदा, पुन्हा एकदा. नाक खाली गेलं, आणि तो खसकन रावणाच्या गुडघ्यात घुसला.

लाल फुगा वाऱ्यावर हलत राहिला.

मग अशोकचा आवाज स्पीकरमधून: "काका, त्याचेही गुडघे गेले."

हिरवळ कोसळली हसून. तात्यारावांच्या पाठीवर पुन्हा थोपटावं लागलं. कोणीतरी टाळीचा ठेका धरला, मुर्गा, मुर्गा, आणि सगळ्यांनी तो उचलला. भालचंद्र धनुष्य हातात धरून रावणाकडे बघत होता. त्याच्या तोंडाचा आ तसाच होता.

सुहासिनी पुढे आली, आणि लोकांना वाटलं आता वाकणार. ती सरळ रावणाकडे चालत गेली. पायांना दुसरं काही माहीतच नव्हतं. एक तळवा रावणाच्या गुडघ्यावर दाबला, बाण जरा पिळला, ओढला. खिळ्यासकट आला. परत येऊन तिने तो नवऱ्याच्या हातात दिला, आजवर दिला तसा, पिसांची बाजू त्याच्याकडे करून.

त्याने अंगठा फिरवला. पहिलं पीस. दुसरं. तिसऱ्यावर अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा गेला.

"सुहास."

"दोन डावी, एक उजवं," ती म्हणाली. किराणा सांगावा तशी.

"तू?"

"हो."

"का गं?"

ठेका चालूच होता. दोघांचं बोलणं दोघांपुरतंच होतं. ती म्हणाली, "तुम्ही वाकता का ते बघायला. अजून वेळ आहे. सगळ्यांना सांगायचं असेल तर माइक तिकडे आहे. वाकायचं असेल तर जागा इथे आहे."

त्याने माइककडे पाहिलं. मग पायांपुढच्या हिरवळीकडे पाहिलं. मग लोकांकडे: शार्दूल दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता, सून मोबाइल आडवा धरून तयार होती, आणि अशोक कधी नव्हे तो घड्याळ बघत होता. भालचंद्रच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. सुहासिनी वाट बघत राहिली. तिने घाई केली नाही.

"अगं, गुडघे..." तो म्हणाला.

तिने मान हलवली. कळलं. एवढंच तर विचारायचं होतं.

ओढणी काढून तिने खुर्चीवर ठेवली. पाय फाकवले, वाकली, हात पोटऱ्यांमागून घेतले आणि कान धरले. दुपारी जमलं होतं त्यापेक्षा बरं जमलं. सगळीकडून मोबाइलचे दिवे लागले. नीरजा ओरडली, काकू, थोडं अजून वर. लोक इतके खूश होते की काही जणांनी चाटच्या प्लेटा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मुर्ग्याला जग गुडघ्यापर्यंतच दिसतं. तिला समोर जोडे दिसत होते, चपला, पैठणीचे काठ, आणि अगदी जवळ नव्या झब्ब्याखालच्या ओळखीच्या सँडल. त्या सँडलपाशी एकाएकी बाण येऊन पडला. हातातून सुटला असणार.

सँडल जागच्या हलल्या नाहीत. एकदा इकडे वळल्या, एकदा तिकडे. बाण पडला की आणायला कोणीतरी जातं, त्याची वाट बघत होत्या. पण आणणाऱ्या बाईचे दोन्ही हात स्वतःच्या कानांवर होते.

मग तिला दिसलं, तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, ते दोन्ही गुडघे वाकले. कण्हले नाहीत, कटकटले नाहीत. घडी घातलेल्या चादरीसारखे मिटले. भालचंद्र टाचांवर उकिडवा बसला, बाण उचलला, पिसांवरची माती फुंकली, आणि तिसरं पीस उजेडाकडे धरून बघायला लागला. जवळचं दिसत नव्हतं तरी.

तिने कान आणखी घट्ट धरले आणि बांग दिली. पूर्ण, लांबलचक, वरच्या मजल्यांवरची कबुतरं उडाली इतकी मोठी. पैज म्हणजे पैज.

मागे धरमपालने इशारा ओळखला आणि काडी लावली. पेंढा खालीच जास्त होता. रावण पेटला तो गुडघ्यांपासून.